नागपूरच्या गच्चीवर डे-न्यूट्रल स्ट्रॉबेरी

नागपुरात घरच्या घरी स्ट्रॉबेरी पिकवता येते, आणि चांगली पिकवता येते. मात्र तिचे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि मार्चअखेर संपते, हे आधी मान्य करावे लागते. डे-न्यूट्रल, म्हणजे दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेल्या, वाणांविषयी वाचल्यावर अनेकांची अशी समजूत होते की ही रोपे बाराही महिने फळतील, कारण परदेशी माहितीत त्यांचे वर्णन वसंतापासून थंडी पडेपर्यंत सतत फळणारी असे केलेले असते. ते वर्णन जिथे उन्हाळ्याचा पारा पंचविशीच्या आसपास राहतो अशा प्रदेशांसाठी लिहिलेले आहे. आपल्याकडे मे महिन्याचे सरासरी कमाल तापमानच ४२ अंशांच्या पुढे असते. त्यामुळे तिथल्या पुस्तकात जे उन्हाळ्याचे काम म्हणून सांगितलेले असते ते आपण थंडीत करायचे, आणि आपल्या उन्हाळ्यासाठी वेगळा विचार करायचा, असे या लागवडीचे स्वरूप आहे.

वाण कोणते निवडावे

स्ट्रॉबेरीचे रोप कळी केव्हा धरते हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: दिवस किती तासांचा आहे आणि हवा किती गरम आहे. या वागणुकीवरून वाणांचे तीन गट मानले जातात. पहिला गट अल्पदिनी वाणांचा. दिवस लहान होऊन हवा गार झाली की ही वाणे कळ्या धरतात, आणि स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा ही त्यांतली आपल्याकडची परिचित नावे आहेत. दुसरा गट जुन्या सदाफळी, म्हणजे एव्हरबेअरिंग वाणांचा. ओझार्क ब्युटी आणि फोर्ट लॅरामी ही वाणे त्यात येतात. ती मोठ्या दिवसांत अधिक कळ्या धरतात आणि थंड प्रदेशात उन्हाळ्याच्या आरंभी एक व अखेरीस एक असे दोन बहर देतात. तिसरा गट डे-न्यूट्रल वाणांचा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रॉइस ब्रिंगहर्स्ट यांनी अमेरिकेच्या युटा राज्यातील वॉसॅच पर्वतावरची जंगली स्ट्रॉबेरी संकरासाठी वापरली, आणि त्या पैदाशीतून १९८० च्या सुमारास ही वाणे पुढे आली. सेल्वा, सीस्केप, अल्बियन, सॅन अँड्रियास आणि माँटेरे ही त्याच विद्यापीठाची पुढची वाणे होत. दिवस दहा तासांचा असो की चौदा तासांचा, ही वाणे कळी धरतात. पण तापमान ३० अंशांच्या वर राहू लागले की त्यांचेही कळी धरणे मंदावते आणि मग थांबते. नागपुरातले सगळे नियोजन या तापमानाच्या मर्यादेभोवतीच करावे लागते.

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो आणि जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांहून किंचित कमी. दिवस बारा तासांच्या पुढे सरकतो तो मार्चच्या मध्यानंतर, आणि तेव्हा दुपारचा पारा ३५ अंशांच्या घरात पोहोचलेला असतो. म्हणजे जुन्या सदाफळी वाणांना हवे असलेले मोठे दिवस आपल्या वाट्याला एकतर भाजून काढणाऱ्या उन्हात येतात किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत. ही वाणे नागपूरकरांनी मागवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खरेदी करताना एक काळजी घ्यावी: पुष्कळ विक्रेते डे-न्यूट्रल वाणांनाही सरसकट एव्हरबेअरिंग म्हणतात, त्यामुळे गटाच्या नावावर विसंबून न राहता वाणाचे नाव विचारावे.

मग सहज मिळणारी अल्पदिनी वाणेच का लावू नयेत, हा प्रश्न रास्त आहे. आपली थंडी आणि आपले लहान दिवस त्यांनाही मानवतात, आणि ज्यांना पहिल्याच वर्षी फार शोधाशोध करायची नाही त्यांनी विंटर डॉनची रोपे लावली तरी निराशा होणार नाही. फरक फळांच्या येण्यात आहे. अल्पदिनी वाणांचे फळ लाटेसारखे येते, मध्ये दोन-तीन आठवडे रोप रिकामे राहते. डे-न्यूट्रल वाणावर एकाच वेळी कळी, फूल, हिरवे फळ आणि पिकलेले फळ दिसते, आणि घरातल्या चार माणसांना रोज थोडी थोडी फळे मिळणे हे घरबागेच्या दृष्टीने अधिक सोयीचे असते. डे-न्यूट्रल वाणे धावत्या फांद्या, म्हणजे रनर, कमी सोडतात, हीदेखील कुंडीसाठी जमेची बाजू आहे. रोपांची किंमत थोडी जास्त असते, त्याचे कारणही हेच: रनर कमी, म्हणून नवी रोपे कमी.

या गटात मी अल्बियन, सीस्केप आणि सॅन अँड्रियास यांना पसंती देईन. अल्बियनचे फळ लांबट, घट्ट आणि गोड असते आणि क्राऊन, म्हणजे रोपाचे आखूड खोड, कुजण्याच्या रोगाला ते वाण बऱ्यापैकी तोंड देते. माँटेरेची चव उत्तम आहे, पण त्यावर भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी बुरशी, लवकर येते. बियांची पाकिटे घेऊ नयेत. या संकरित फळांच्या बियांपासून मूळ वाणासारखे रोप येत नाही, आणि निळ्या किंवा काळ्या स्ट्रॉबेरीच्या बिया म्हणून जे विकले जाते ती सरळ फसवणूक असते. ट्रेमध्ये वाढवलेली, मुळांचा गोळा शाबूत असलेली रोपे घ्यावीत. रोप हलके उचलून पाहिले असता मुळे पांढरट दिसावीत, तपकिरी आणि लिबलिबीत नसावीत.

माती आणि पाणी

नागपूरकरांची खरी अडचण थंडीत नाही, मातीत आणि पाण्यात आहे. स्ट्रॉबेरीला किंचित आम्लधर्मी, ५.५ ते ६.५ सामूची (पीएच) भुसभुशीत माती हवी असते. आपली काळी माती भारी, पाणी धरून ठेवणारी आणि बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त असल्यामुळे तिचा सामू साडेसातच्या वर जातो. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. संत्र्याच्या बागेत चुनखडीच्या पट्ट्यात नवी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात, हे विदर्भात अनेकांनी पाहिलेले असते. स्ट्रॉबेरीला तीच तक्रार त्याहून लवकर होते. काळ्या मातीत गंधक घालून सामू उतरवण्याचा सल्ला दिला जातो, पण मातीत चुनखडी असेल तर ती गंधकापासून तयार झालेले आम्ल खाऊन टाकते आणि सामू फारसा हलत नाही. त्यापेक्षा कुंडी, ग्रो बॅग किंवा विटांचा उंच वाफा करून त्यात स्वतंत्र मिश्रण भरणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

मिश्रणाचे माप घमेल्याने घ्यावे. दोन घमेली भिजवलेले कोकोपीट, एक घमेले चाळलेले गांडूळ खत, अर्धे घमेले धानाचे तूस किंवा धुतलेली जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड एवढे पुरते. धानाचे तूस भंडारा-गोंदियाकडच्या गिरण्यांतून सहज मिळते. ते अर्धवट जाळून काळे केलेले असेल तर अधिक टिकते आणि मुळांजवळ हवा खेळती ठेवते. कोकोपीट मात्र तसेच वापरू नये. नारळाच्या सालीत क्षार असतात, आणि स्ट्रॉबेरी हे क्षारांच्या बाबतीत अत्यंत नाजूक पीक आहे. कोकोपीटची वीट भिजवून फुगवावी, पाणी निथळू द्यावे, असे दोन-तीनदा करावे. मग बादलीभर पाण्यात मूठभर कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात ते रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुन्हा धुवावे. ज्या कुंडीत आधी टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता तिची माती या मिश्रणात घालू नये, कारण त्या पिकांना येणारा मर रोग स्ट्रॉबेरीलाही होतो.

पाण्याचा विचार लोक सहसा करत नाहीत, आणि डिसेंबरात पानांच्या कडा करपल्या की खताला दोष देतात. शहरातले नळाचे पाणी पेंच आणि कन्हान नदीचे असते आणि ते बहुधा चालते. बोअरवेलचे पाणी जड असेल तर मिश्रणाचा सामू हळूहळू वर चढतो. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालण्याची चांगली सवय अनेक घरांत आहे; ते गुलमोहराला घालावे, जास्वंदीला घालावे, स्ट्रॉबेरीला घालू नये, कारण गाळून वेगळे केलेले सारे क्षार त्यातच असतात. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचेही तसेच आहे. वाळ्याच्या टट्ट्यांवरून पाणी पुन्हा पुन्हा फिरून त्यातले निव्वळ पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे पेन हल्ली स्वस्तात मिळते. ४५० च्या आतले पाणी या रोपांना निर्धास्त द्यावे, त्यापुढचे पाणी साठवलेल्या पावसाच्या पाण्यात मिसळून द्यावे.

कुंडी वीस सेंटिमीटर खोल असली की पुरते, कारण मुळांचा पसारा वरच्या थरातच असतो. आठ ते दहा इंच रुंदीच्या कुंडीत एक रोप, दोन फूट लांबीच्या आयताकृती कुंडीत तीन रोपे असे प्रमाण ठेवावे. वाफ्यात दोन रोपांत वीस ते पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवावे. भिंतीला लावायच्या पीव्हीसी पाइपच्या उभ्या मनोऱ्यांचे चित्र आकर्षक असते, पण नागपुरात मी ते सुचवणार नाही: वरची रोपे कोरडी पडतात, खालची भिजत राहतात आणि फेब्रुवारीपासून पाइपच्या आतली मुळे तापतात. साधी मातीची कुंडी सर्वांत चांगली, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपून उडते आणि मुळे गार राहतात. गच्चीवर कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी.

लागवड

पाऊस पूर्ण उघडल्यावर, साधारणपणे १० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या महिन्याभरात रोपे लावावीत. महाबळेश्वरला सप्टेंबरात लागवड होते म्हणून आपणही तेव्हाच लावू, असे करू नये. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर आहे, आपले चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, आणि नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर इथे हवा दमट आणि ऊन चटका देणारे असते, त्यात नवी मुळे धरत नाहीत. नोव्हेंबर उलटून गेल्यावर लावले तर रोप जगते, पण फळण्याचे दिवस कमी होतात. कळी आत तयार होणे आणि फूल बाहेर दिसणे यांमध्ये काही आठवडे जातात आणि फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत आणखी चार आठवडे लागतात, हा हिशेब मनात ठेवला की प्रत्येक वाया गेलेल्या आठवड्याची किंमत कळते.

लागवड संध्याकाळी करावी. रोप हातात घेऊन नीट पाहावे. पानांचे देठ जिथे एकत्र येतात तिथे बोटाच्या पेराएवढे आखूड, जाड खोड असते. त्याला क्राऊन म्हणतात. त्याच्या वरच्या टोकाला, कोवळ्या पानांच्या घडीत, रोपाचा वाढीचा डोळा असतो, आणि खालच्या टोकापासून मुळे सुटतात. हा क्राऊन अर्धा मातीत आणि अर्धा मातीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरता गाडला गेला तर डोळ्यावर ओल राहून आठवडाभरात रोप मधूनच कुजते. आणि फार वर राहिला तर मुळांचा वरचा भाग उघडा पडून वाळतो. मिश्रण पाणी दिल्यावर खाली बसते, म्हणून लावताना कुंडी गच्च भरावी, भरपूर पाणी द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक क्राऊनची पातळी पुन्हा तपासून जिथे मिश्रण कमी तिथे भर घालावी, जिथे डोळा बुजला तिथे बोटाने मोकळा करावा. उघड्या मुळांची रोपे मिळाली असतील तर फार लांब मुळे बारा-पंधरा सेंटिमीटरवर कापून, खड्ड्यात मातीचा छोटा उंचवटा करून त्यावर ती पसरावीत. गुंडाळून कोंबू नयेत.

पहिले पंधरा दिवस रोपांवर ५० टक्क्यांची हिरवी जाळी धरावी. नोव्हेंबरच्या मध्यापासून ती काढून टाकून रोपांना सहा ते आठ तास ऊन मिळू द्यावे. मातीवर धानाच्या तणसाचा दोन बोटे जाड थर पसरावा. त्याने ओल टिकते आणि फळ मातीला टेकत नाही. गव्हाचे कुटार बारीक असल्यामुळे ते ओले होऊन क्राऊनला चिकटते, त्यापेक्षा तणस बरे.

फुले खुडणे, खत आणि परागीभवन

डे-न्यूट्रल रोपाला लावल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच फूल येते, आणि ते खुडताना हात अडखळतो. तरीही ते खुडावे. मुळे धरण्याआधी फळ पोसायला लागले की रोप खुजे राहते आणि पुढचा सारा हंगाम हलका जातो. थंड देशांतले मार्गदर्शन सहा आठवडे फुले खुडायला सांगते. आपला हंगाम एवढा लांब नसल्यामुळे तीन ते चार आठवडे, किंवा रोपावर सहा मोठी निरोगी पाने येईपर्यंत, हे प्रमाण मला योग्य वाटते. ऑक्टोबरच्या मध्यावर लावलेल्या रोपाची नोव्हेंबरच्या मध्यानंतरची फुले ठेवावीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून फळे मिळू लागतात. रनर दिसला की हंगामभर कात्रीने कापत राहावे.

खत थोडे आणि नियमित हवे. कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात दर दहा दिवसांनी द्यावे. फुले ठेवायला लागल्यावर त्याऐवजी १३:०:४५ त्याच प्रमाणात द्यावे आणि मधल्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम द्यावे. कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या कोणत्याही खतात मिसळू नये, ते फॉस्फेट आणि सल्फेटशी मिळून साका धरते. नव्या पानांत शिरांमधला पिवळेपणा दिसलाच तर चिलेटेड लोह, त्यातही जड पाण्यात टिकणारे ईडीडीएचए प्रकारचे, पाकिटावरच्या प्रमाणात मातीत द्यावे. युरियाचा हात सैल सोडला की पाने गडद आणि डौलदार होतात, फळे मात्र मऊ आणि फिकी येतात.

पाणी सकाळी, क्राऊन न भिजवता, मातीच्या कडेने द्यावे. डिसेंबर-जानेवारीत कुंडीला एक दिवसाआड पुरते, फेब्रुवारीच्या अखेरीस रोज लागते. बोटाचे एक पेर मातीत खुपसून ओल लागते का हे पाहणे हीच खात्रीची परीक्षा.

फळ वेडेवाकडे येण्याची तक्रार बहुतेकांची असते आणि तिचे कारण बहुतेक वेळा परागीभवनात असते. फळावर जे दाणे दिसतात त्यांपैकी प्रत्येक दाणा फुलातल्या एका वेगळ्या स्त्रीकेसरापासून होतो, आणि ज्या दाण्याला पराग मिळतो त्याच्या भोवतीचाच गर फुगतो. म्हणून एका बाजूने चपटे, चिमटलेले फळ म्हणजे त्या बाजूचे दाणे रिकामे राहिले असे समजावे. मोकळ्या गच्चीवर फुलोरी माशा येतात. त्यांच्यासाठी जवळ मोहरी, कोथिंबीर आणि तुळस फुलू द्यावी. बंद बाल्कनीत सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान मऊ रंगकामाचा ब्रश प्रत्येक फुलाच्या मधोमध आणि कडेने हलका फिरवावा.

किडी, रोग आणि पाखरे

थंडीच्या पहिल्या दोन महिन्यांत मावा सोडला तर फारसे काही होत नाही, आणि मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उतरतो. खरा शत्रू लाल कोळी, आणि तो फेब्रुवारीत हवा कोरडी पडली की येतो. वरून पाहिले तर पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके दिसतात आणि पानाची तकाकी जाते. ते पान उलटून भिंगातून पाहावे: शिरांच्या बेचक्यात, कोळिष्टकाच्या विरळ धाग्यांमध्ये, मिठाच्या कणाहून लहान फिकट ठिपके सरकताना दिसतात, अंगावर दोन्ही बाजूंना एक एक काळसर डाग असतो, आणि आसपास गोल पारदर्शक अंडी असतात. एवढे दिसले की त्याच दिवशी कामाला लागावे, कारण उष्ण हवेत त्यांची पिढी आठवड्याभरात पुरी होते. सर्वांत खराब पाने काढून पिशवीत बांधून टाकावीत, सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि तो दर तीन दिवसांनी करावा. त्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर नीम तेल आणि थोडे द्रव साबण मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे. कोळी हा कीटक नसल्यामुळे साध्या कीटकनाशकाने तो मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि प्रकोप वाढतो.

पानांच्या कडा वर वळून खाली पांढुरकी पूड दिसली तर ती भुरी. तिच्यावर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारावे. मात्र ३२ अंशांच्या वरच्या उन्हात आणि नीम तेलानंतर दोन आठवड्यांच्या आत गंधक फवारू नये, पाने भाजतात. फेब्रुवारी-मार्चात विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट येते. ढग दिसले की कुंड्या पत्र्याखाली सरकवाव्यात आणि पिकलेली फळे आधीच उतरवावीत, कारण भिजलेल्या फळावर दुसऱ्या दिवशी करडी बुरशी चढते.

बुलबुल आणि खारी फळ लाल होण्याआधीच त्याची वाट पाहत असतात. बारीक जाळी चारही बाजूंनी विटांनी दाबून लावावी आणि मधमाश्यांसाठी ती सकाळी दोन तास उघडावी.

तोडणी

स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर गोड होत नाही. देठाजवळचा खांदा पांढरा असेल तर अजून दोन दिवस थांबावे, आणि पूर्ण लाल झाल्यावर सकाळच्या गारव्यात देठाचा तुकडा ठेवून नखाने किंवा कात्रीने तोडावे. खाण्याच्या वेळेपर्यंत धुऊ नये. नीट सांभाळलेल्या कुंडीतल्या एका रोपाकडून हंगामभरात पाव ते अर्धा किलोची अपेक्षा ठेवावी. चार माणसांच्या घराला वीस रोपे असावीत.

उन्हाळा आणि पावसाळा

होळीच्या सुमारास दुपारी बारा ते चारची सावली सुरू करावी. मार्चच्या मध्यानंतर नवी कळी धरणे थांबते, आधी धरलेल्या कळ्यांची फळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येत राहतात, पण ती लहान आणि मऊ असतात. बहुतेकांनी इथेच रोपे काढून टाकावीत आणि ऑक्टोबरात नवी घ्यावीत, असेच मी सुचवीन. उन्हाळ्यात रोप जगवण्याचे श्रम पाहता नवे रोप स्वस्त पडते.

तरीही आवडीचे वाण राखायचे असेल तर सर्वांत जोमदार अशी चार-पाच रोपेच निवडावीत. त्यांची सारी फुले आणि फळे काढून टाकावीत, खत बंद करावे, आणि कुंड्या घराच्या उत्तर बाजूला, जिथे सकाळचे कोवळे ऊन सोडून काही पडत नाही अशा जागी न्याव्यात. मातीची कुंडी तिच्याहून मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या पोकळीत वाळू भरावी आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि त्यामुळे आतल्या मुळांचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच खाली राहते. भोवती भिजलेले बारदान टांगले तर गरम वाऱ्याचा झोत थेट लागत नाही. कडेची पाने वाळली तरी घाबरू नये. मधला डोळा हिरवा आणि टणक आहे तोवर रोप जिवंत आहे. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत पाणी वाढवण्याचा मोह होतो, पण तापलेल्या ओल्या मातीत मुळे उकडतात, म्हणून पाणी रात्री उशिरा आणि बेताचेच द्यावे.

नवतप्यातून वाचलेली रोपे पावसाळ्यात जास्त मरतात, कारण उष्ण दमट हवेत क्राऊन कुजवणारी बुरशी जोर धरते. पहिल्या पावसाच्या सरीत त्यांना बाहेर ठेवू नये. पारदर्शक पत्र्याखाली, वारा खेळेल अशा जागी, एकमेकांपासून अंतरावर ठेवावे. याच काळात एखादा-दुसरा रनर सुटतो. त्याच्या टोकाचे बाळरोप ओल्या कोकोपीटच्या लहान कुंडीवर टेकवून केसांच्या पिनेने दाबून धरावे. चार-पाच आठवड्यांत त्याला स्वतःची मुळे फुटली की आईपासून तोडावे. जून-जुलैत सुटलेले बाळरोप ऑक्टोबरच्या लागवडीला तयार होते आणि ते जुन्या रोपापेक्षा अधिक फळते.

सप्टेंबरच्या अखेरीस जुन्या रोपांची काळी-तपकिरी पाने देठासकट काढून टाकावीत आणि रोप कुंडीतून बाहेर घेऊन मुळे पाहावीत. क्राऊन उभा चिरल्यावर आत लालसर तपकिरी दिसतो त्या रोपाला रोग आहे. एखादे रोप मरून गेले असेल तर हे पाहून बाकीच्यांचा अंदाज घ्यावा, आणि अशी खूण सापडली तर त्या कुंडीचे मिश्रण पुन्हा वापरू नये. निरोगी रोपांचा क्राऊन वर्षभरात उंच झालेला असतो आणि नवी मुळे त्याच्या वरच्या भागातून फुटतात, म्हणून खालची काळी मुळे छाटून रोप ताज्या मिश्रणात आधीपेक्षा तेवढे अधिक खोल लावावे, वाढीचा डोळा मात्र मातीच्या वर ठेवावा.